सत्तेचाळीसचा उतारा

पहिला बोकड काट्यावर चढवला, गेनूमामानं मोठ्यानं आकडा वाचला, "बत्तीस किलो!" आणि आमची सगळी माणसं अशी खूश झाली, की टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी राहिल्या.

मीही खूश झालो. हे मुद्दाम सांगतो. आज लोकांना वाटतं, दिगंबर गालिंदे म्हणजे मोठा हुशार माणूस, नऊ कारखान्यांचा कारभार बघतो. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी माझ्याएवढा गाढव अख्ख्या सांगोला तालुक्यात शोधून सापडला नसता.

आमची संस्था म्हणजे काळभैरव खाटीक कामगार सहकारी संस्था. बत्तीस खाटीक घरांनी मिळून उभी केलेली. माझे चुलते रंगनाथतात्या अध्यक्ष, मी सचिव. सचिव कशामुळे, तर बी.कॉम. झालेला घरात मी एकटाच! एक कापाईची शेड, एक शीतगृह, कातड्यांना मीठ लावायची एक खोली, एवढा आमचा संसार. पण शीतगृहाचं यंत्र बिघडलं आणि दोन वर्षं कारखाना बंद राहिला. पोट तर थांबत नाही. मग आम्ही जिवंत बोकडांचा व्यापार धरला. बाजारात घ्यायचे, मुंबईच्या व्यापाऱ्याला वजनावर द्यायचे. सुरी धरणारे हात दोर धरायला लागले. तात्या तेवढे त्या धंद्यात कधी उतरले नाहीत. ते आपले बंद शेडमध्ये जाऊन सुऱ्यांना तेल लावत बसायचे.

अशात बिरोबा मेंढपाळ सहकारी संघाचं बोलावणं आलं. मेंढपाळांचा हा संघ एका पत्र्याच्या शेडपासून निघालेला. त्यांनी आधी पलीकडच्या तालुक्यातलं एक शीतगृह घेतलं, मग एक बंद पडलेला खिम्याचा कारखाना घेतला, आणि आता त्यांची नजर आमच्यावर होती. संघाच्या अध्यक्ष हौसाबाई गोरड. साठीची बाई, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, उभा जन्म मेंढरांमागं चाललेली. सगळे तिला हौसाक्का म्हणायचे. सहीपुरतं लिहायला ती पन्नाशीत शिकली, असं ऐकून होतो. मी मनात म्हटलं, हिला गुंडाळायला किती वेळ लागणार?

तिच्याबरोबर उपाध्यक्ष बापूसाहेब हुलगे. माणूस वाईट नव्हता, पण चिक्कू आणि संशयी. अट त्यांनीच घातलेली. वीस बोकड त्यांच्यासमोर वजन करून कापायचे आणि किती मटण निघतं ते बघायचं. शंभर किलो जिवंत वजनाला सत्तेचाळीस किलो किंवा वर उतारा आला, तर कारखाना माणसांसकट घ्यायचा. बत्तीसही जण संघाचे सभासद, कायम नोकरीवर. त्याखाली आला, तर नुसती इमारत आणि यंत्रं घ्यायची. माणसांनी आपापली वाट धरायची.

"हात बिघडलेल्या माणसांचं काय लोणचं घालायचंय?" असं ते बैठकीत तोंडावर म्हणाले होते. तात्यांच्या मानेची शीर तटतटलेली मला अजून आठवते.

तर आता माझं गाढवपण. बोकड मी आणि आमच्या संस्थेतल्या गेनूमामानं त्याच पहाटे बाजारातून आणले. वजन होणार म्हटल्यावर काय करायचं, हे दोन वर्षांत आमच्या अंगात इतकं भिनलं होतं, की विचारसुद्धा करावा लागला नाही. कातड्यांच्या खोलीतून मीठ काढलं, पेंडीत कालवलं, चारलं, आणि वर पाण्याच्या बादल्या लावल्या. मीठ खाल्लेलं जनावर पाणी पितं ते पितच राहतं. एकेका बोकडाचं तीन-तीन, चार-चार किलो वजन वाढतं. मुंबईच्या व्यापाऱ्याला आम्ही असंच द्यायचो, आणि तोही मेला पक्का, किलोमागं दोन रुपये कापूनच घ्यायचा.

"तीस!" गेनूमामा ओरडला. संघाबरोबर आलेले जनावरांचे डॉक्टर वहीत आकडे मांडत होते. "एकतीस!"

तेवढ्यात तात्या सुऱ्यांना धार लावून शेडमधून बाहेर आले. रांगेतल्या एका बोकडाच्या पोटाखाली त्यांनी सहज हात घातला, आणि हात तिथंच राहिला. मग माझं मनगट असं धरलं, की हाड मोडतंय की काय वाटलं. मला बाजूला ओढत ते दबक्या आवाजात म्हणाले, "दिग्या, काय चारलंस?"

"मीठ, तात्या. गेनूमामानं आणि मी."

"कशापायी?"

"वजनापायी."

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. "अरं गाढवा, आज आपण इकायला बसलोय का कापायला?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वाढलेलं सगळं वजन पाण्याचं. कापलं की ते आतड्यांबरोबर बाहेर. मटण तेवढंच राहणार आणि जिवंत वजन फुगलेलं, म्हणजे उतारा खाली येणार. मी तोंडातल्या तोंडात भागाकार केला. त्रेचाळीस. फार तर चव्वेचाळीस. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे आदल्या दिवशी कळू नये? बत्तीस घरांची भाकरी मी माझ्या हातानं बादलीत बुडवली होती.

"मी जाऊन सांगतो," तात्या म्हणाले.

"तात्या, पाया पडतो. सांगितलं तर आत्ताच उठून जातील. बत्तीस घरं आहेत."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

सहावा बोकड काट्यावर होता. हौसाक्का इतका वेळ बाजेवर बसली होती, ती उठली आणि रांगेपाशी आली. एका बोकडासमोर उकिडवी बसली. बोकडानं तिचा तळहात खसाखसा चाटला. तिनं त्याचे कान कुरवाळले, कुशीवरून हात फिरवला, आणि मान वर करून मला विचारलं, "कुठनं आणली रं जनावरं?"

"जतच्या बाजारातून, आक्का. पहाटे."

"टेंपोत?"

"हो."

"मग दमल्याती." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "डाक्टर, वही मिटा. आज कापायची न्हाईत."

बापूसाहेब खुर्चीतून उठलेच. "आक्का, आता काय? सहा वजनं झाली. कापून मोकळे होऊ, अंधाराच्या आत घरी जाऊ."

"बापू, आपल्या संघाचा नियम काय हाय? लांबनं आलेलं जनावर रातभर इसावा दिल्याबिगर कापायचं न्हाई. पाला न्हाई, नुसतं पाणी. त्या कागदावर सही तुमचीच हाय."

"तो आपल्या कारखान्यातला नियम. हा अजून आपला झालाय कुठं?"

"व्हायचाय म्हणूनच तर आलोय न्हवं? सकाळी परत पहिल्यापासनं वजन करा. आजचं पान सोडून द्या."

बापूसाहेब चडफडत तालुक्याच्या लॉजवर गेले. हौसाक्का मात्र हलली नाही. आमच्या घरी चला म्हटलं, तरी नाही. गोठ्याच्या दारात घोंगडं टाकून तिथंच आडवी झाली. मी घरी जाऊन काळभैरवाला नारळ बोललो. देवा, वाचवलंस! त्या बाईच्या तोंडून तूच बोललास, असंच मला वाटलं. बाईला स्वतःचं डोकं असेल, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

सकाळी बघतो तर बोकडांच्या कुशी बसलेल्या, आणि गोठ्याची जमीन अशी ओली, की धोतर वर धरून चालावं लागावं. पुन्हा वजनं सुरू झाली. पहिला बोकड चढला. गेनूमामानं या वेळी आकडा हळूच वाचला, "साडेअठ्ठावीस."

बापूसाहेबांनी कान टवकारले. "काल हा बत्तीस होता! साडेतीन किलो कुठं गेलं?"

मी दोर सोडायच्या निमित्तानं खाली वाकलो. पण हौसाक्का बाजेवरूनच म्हणाली, "रातभर उपाशी हाय त्ये. तुमी राहा की एक दिस उपाशी आन् मग चढा काट्यावर."

बापूसाहेबांचं पोट चांगलं सुटलेलं होतं. डॉक्टरसुद्धा वहीआड तोंड लपवून हसले. बापूसाहेबही ओशाळून हसले आणि विषय तिथंच मिटला. वीस बोकडांचं वजन पाचशे सहासष्ट किलो भरलं.

मग तात्यांनी सुरी हातात घेतली. त्या सकाळबद्दल मला किती बोलू आणि किती नको, असं होतं. दोन वर्षं बंद असलेल्या शेडमध्ये आमची माणसं उभी राहिली आणि एकालाही जागा सांगावी लागली नाही. तात्यांचं सोलणं म्हणजे अंगातला सदरा काढावा तसं. कातड्याला कुठं चीर नाही, कातड्याच्या आतल्या अंगाला मटणाचा एक धागा चिकटलेला नाही. हौसाक्कानं एक कातडं उचलून उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, आणि कुणाला काही न बोलता परत ठेवलं. बापूसाहेब आधी दारात उभे होते. मग आत आले. मग तात्यांच्या खांद्याशी येऊन उभे राहिले. तासाभरानं त्यांनी आपल्या रुमालानं तात्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. मी खोटं सांगत नाही, या डोळ्यांनी बघितलंय. तात्यांचे हात रक्तानं भरलेले होते आणि घाम डोळ्यांत उतरत होता, म्हणून टिपला.

डॉक्टरांनी बेरीज दोनदा केली. दोनशे साडेसत्तर किलो. "उतारा सत्तेचाळीस पूर्णांक आठ."

काय तो गलका झाला! गेनूमामानं मला उचललं. बायका दारात येऊन उभ्या होत्या, त्यातली एक मटकन खालीच बसली आणि रडायला लागली. बापूसाहेबांनी खिशातून पेन काढलं, करारावर झोकात सही ठोकली आणि कागद हौसाक्कापुढं केला. "घ्या आक्का. बैठकीत बोललो ते शब्द मागं घेतो. हात सोन्याचे आहेत."

हौसाक्कानं कागद घेतला, घडी घातली आणि मांडीखाली ठेवला. "आधी चहा तर पाजतील का न्हाई ही माणसं?"

चहा आला. बशीत ओतून ती सावकाश प्यायली. मग म्हणाली, "झकास झालाय. आणीक एक आणा." तोही प्यायली. बापूसाहेब घड्याळ बघायला लागले. "आक्का, सही?" "करते की. पळून का चाललीया ती?" आणि तिनं तिसरा चहा मागवला.

इकडं तात्या नव्हते. शोधत गेलो, तर शीतगृहाच्या मागं हौदावर हात धूत उभे. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी चोळत होते.

"तात्या, चला. सगळे वाट बघतात."

"दिग्या, मी त्या बाईला सांगणार."

मला कळेना, हसावं की रडावं. "काय सांगणार? झालं ते झालं! देवानं वाचवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कशाला उघडता?"

"त्या मानसानं माझा घाम पुसला रं."

"म्हणून बत्तीस घरं बुडवणार? उतारा खराच आलाय ना? कालचं कोण विचारतंय?"

"कुनी इचारत न्हाई त्येचंच भ्या वाटतंय मला. उद्या तिच्या कारखान्यात मी तोंड वर करून कसा चालू?"

ते निघाले, तसा कोपऱ्यावर मी त्यांच्या आडवा झालो. खरंच झालो, दोन्ही हात पसरून. बापाच्या जागी असलेला माणूस. त्यांनी मला नुसतं बाजूला केलं, लहान पोराला करावं तसं, आणि चालू लागले. मी मागून पळत गेलो. बघतो, तर हौसाक्का बाजेवरून आमच्याकडंच बघत होती.

तात्या तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गलका हळूहळू थांबला.

"आक्का, कागद फाडा म्हणालात तरी चालंल. काल आमी जनावरांला मीठ चारून पाणी पाजलं हुतं. वजन वाढवाय. तुमी थांबवलं म्हणून आजचा उतारा आला, न्हाईतर आला नसता. आदेश मी दिला न्हवता, पर अध्यक्ष मी हाय. तवा गुन्हा माझा."

बत्तीस माणसं जागच्या जागी थिजली. बापूसाहेब लाल झाले. "म्हणजे फसवणूक! आक्का, तरीच ते साडेतीन किलो! हा करार रद्द. इमारत घ्या नुसती."

"बापू, खाली बसा."

"अहो पण—"

"बसा म्हणते न्हवं? कालचं मीठ खोटं हुतं, आजचं मटण खरं हाय. तुमच्याच डोळ्यांम्होरं निघालंय." मग ती तात्यांकडं वळली. "रंगनाथराव, टोपी घाला. मीठ मला कालच कळलं हुतं. बोकडानं हात चाटला तवाच, जीभ कोरडी आन् कूस पाण्यानं टम्म. तीस वरसं मी तुमच्यावानी खाटकांलाच मेंढरं इकली. मीठ चारूनच इकली. मला कोन शिकवणार?"

कुणाला हसायचा धीर झाला नाही.

"मग तुम्ही काल बोलला का नाही, आक्का?" हे मी विचारलं. तोंडातून निसटलंच.

तिनं रिकामी बशी बाजेखाली सरकवली. मग म्हणाली, "पलीकडचं शीतगृह आमी घेतलं न्हवं, तिथल्या मानसांनी वजनाचा काटा बिघडवला हुता. मी भर सभेत पकडलं त्यांला. लई टाळ्या पडल्या मला. शीतगृह स्वस्तात गावलं. आन् सा म्हैन्यांत तिथलं एक बी मानूस राहिलं न्हाई. मान खाली घालून कोन काम करंल? वरीसभर टाळं हुतं त्याला. तवापासनं मी पकडायचं सोडलं. वाट बघते, कुनी आपनहून येतंय का."

तिनं मांडीखालचा कागद काढला, उलगडला. बापूसाहेबांच्या झोकदार सहीशेजारची जागा कोरी होती. माझ्याकडं बघत तिनं पेनासाठी हात पुढं केला. मी दिलं. तिनं एकेक अक्षर जुळवत, जिभेचं टोक दातांत धरून, हौसाबाई बिरा गोरड असं पूर्ण नाव लिहिलं. लिहून होईपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग कागद तिनं माझ्या नव्हे, तात्यांच्या हातात दिला.

"आन् हा?" तिनं माझ्याकडं बोट केलं. "हा तुमाला आडवा झाला हुता न्हवं? दिसलं मला."

मी मान खाली घातली. "आक्का, मला काढून टाका. मीठही माझंच होतं."

"काढून कुठं टाकू? भाईर सोडला तर आणीक कुनाचा तरी सचिव हुशील." तिनं पदर सारखा केला. "उद्यापासनं माझ्यासंगट जीपमधी. खरेदीला, आन् कारखाने बघायला. माझ्या नजरंखाली राहा."

असा मी तिच्या जीपमध्ये बसलो, तो वीस वर्षं बसलो. सहा कारखाने तिच्याबरोबर जाऊन घेतले. कुठं इमारत होती आणि माणसं नव्हती, तिथं माणसं शोधली. कुठं माणसं होती आणि छप्पर नव्हतं, तिथं छप्पर घातलं. सरकारी अधिकारी, बँकेचे साहेब, सुटाबुटातले सल्लागार, सगळे तिच्यापुढं आकडे मांडायचे. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी उठून गोठ्यात जायची. तात्या तर सत्तराव्या वर्षापर्यंत संघातल्या पोरांना सुरी शिकवत होते, आणि तात्यांच्या पाया पडल्याशिवाय बापूसाहेब आमच्या कारखान्यातून कधी बाहेर पडले नाहीत.

पहिल्याच दिवशी जीपमध्ये मी तिला विचारलं होतं. रात्रभर झोप लागली नव्हती, राहवलं नाही.

"आक्का, काल तात्या आले नसते तर?"

"चौथा चहा घेतला असता."

"तरीही कुणी आलं नसतं तर?"

"पाचवा."

"थट्टा नको, आक्का. सही केली असती की नाही?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. रस्त्याकडेला कुणाची तरी मेंढरं बसली होती, ती मागं पडेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "केली असती की रं. बत्तीस चुली हुत्या, बाबा. त्या इझवून मी कुठं जाणार हुते? पर मग त्यो कारखाना नुसता माझा झाला असता. तुझ्या तात्याचा राहिला नसता."